चपटी, गोल नाकाची आणि पोकळ

क्विलन फोर्क, केंटकी
१५ एप्रिल १९९८

एस्टिल भावजी,

बरे आहात ना? नसलात तरी हे पत्र वाचून व्हाल. दुसऱ्याची फजिती ऐकली की तुमची तब्येत सुधारते, हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

रेजिनानं तुम्हाला सांगितलंच असेल. माझ्या लेकीच्या पोटात काही राहत नाही. पण तिचं ऐकू नका, माझं ऐका. सोमवारी सकाळी कोंबड्यांच्या खुराड्यात साप शिरला. कॉपरहेड, विषारी, चांगला हातभर लांब. मी तुमच्या भावानं, ऑर्बिननं, मला घेऊन दिलेलं छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. त्याची पद्धत तुम्हाला माहितीच आहे. चक्रीच्या पहिल्या घरात सापासाठी बारीक छऱ्याची गोळी, आणि बाकीच्या घरांत त्यानं स्वतः ओतलेल्या चपट्या नाकाच्या, माणसांसाठी. मी नेम धरून घोडा ओढला, तर छऱ्यांऐवजी अख्खी चपटी गोळी निघाली. सापाला काही झालं नाही. गोळी खुराड्याची फळी फोडून पलीकडे गेली, आणि पलीकडे आपले पाद्री ब्रदर कोल्डआयर्न नुकतेच मोटार उभी करत होते. त्यांचा पुढचा टायर बसला. दोन रविवार मी चर्चला का आले नाही हे विचारायला ते आले होते. काही न विचारताच गेले, म्हणजे टायर बदलून गेले.

रेजिना म्हणते, "आई, आता पुरे झालं. मेच्या शेवटी थडगी सजवायच्या रविवारी मी येतेय, सामान बांधून ठेव, लेक्सिंग्टनला यायचं." मी म्हटलं, मी इथून हलणार नाही. ती म्हणाली, हिवाळ्यात खालच्या अंगाला चोरांनी दोन घरं फोडली, तुझ्याकडे आले तर तू काय त्यांचे टायर फोडणार? खूप भांडलो. शेवटी असं ठरलं की एस्टिल काका जन्मभर शेरीफच्या कचेरीत होते, त्यांनी लिहून द्यावं. आईच्या हातात जे आहे ते तिला राखायला पुरेसं आहे असं काकांनी लिहिलं, तर मी राहायचं. नाही लिहिलं, तर मी गाठोडं उचलायचं.

म्हणजे माझं घर आता तुमच्या पेनात आहे. जरा जपून लिहा. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, नाहीतर दोन शब्द तिथंच सुनावले असते.

तुमची वहिनी,
डेल्फिया

•

लेक्सिंग्टन
२१ एप्रिल

वहिनी,

हसू आलं हे कबूल करतो. कोल्डआयर्न पाद्रीबुवांना मी शाळेपासून ओळखतो. टायर गेला म्हणून ते प्रवचन आखडतं घेणार असतील तर वाईट नाही.

तुमची चूक कुठं झाली ते सांगतो. ऑर्बिनचं मोठं रिव्हॉल्व्हर आणि तुमचं छोटं, दोन्ही वेगळ्या कारखान्यांची आहेत. त्याच्या हत्याराची चक्री उजवीकडे फिरायची, तुमची डावीकडे फिरते. तो पहिली गोळी वरच्या घराच्या डाव्या अंगाला भरायचा, कारण त्याच्याकडे तेच घर आधी वर यायचं. तुमच्या हत्यारात ते पार मागून येतं. तुम्हाला ती उजव्या अंगाला भरायला हवी होती. तुम्ही त्याचे हात बघून शिकलात, हत्यार बघून नाही.

आता मुद्द्याचं. चोर म्हणजे साप नव्हे, तेव्हा छरे काढून टाका. चपट्यांवर मी सही करणार नाही. घरी बनवलेल्या आहेत, ऑर्बिनला जाऊन सहा वर्षं झाली, डबा कोठीघरात ओलीला असणार. दारू सादळली असेल तर ऐन वेळी नुसतंच टिक वाजेल. जावयाला सांगून दुकानातली गोल नाकाची घ्या. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा सगळ्यांच्या कमरेला तीच असायची. दुधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या पाण्यानं भरून एका रांगेत ठेवा, मागे मातीचा उतार हवा. झाडून बघा आणि कळवा.

एस्टिल

•

क्विलन फोर्क
३० एप्रिल

भावजी,

त्याचे हात बघून शिकले, हे बरोबर बोललात. दुसरं काय बघणार? संध्याकाळी तो मागच्या पडवीत चूल पेटवून बसायचा. हॉबर्टच्या गॅरेजातून चाकांना लावायची शिशाची वजनं आणलेली असायची, ती माझ्या घेवड्याच्या जुन्या भांड्यात वितळायची. भांडं मी त्याला दिलं नव्हतं. त्यानं ते पळवलं आणि शिसं ओतल्यावर मला सांगितलं, म्हणजे परत मागता येऊ नये. शिशातला मळ काढायला मेणाचा तुकडा टाकला की धूर निघायचा, आणि चर्चमधल्या मेणबत्त्या आणि जळकं लोखंड असा एक वास यायचा. रेडिओवर बेसबॉलची मॅच लागलेली. मी घेवड्याच्या शेंगा दोऱ्यात ओवत बसायची, तो साच्यातून गोळ्या टपाटप टॉवेलवर पाडायचा. बोलणं असं काहीच नसायचं. मध्येच म्हणायचा, "डेल्फी, बघ ही किती गुळगुळीत निघाली." मी न बघताच हो म्हणायची. आता वाटतं, बघायला हवं होतं.

असो. तुमची गोल नाकाची जावयानं आणून दिली. परसात सिकमोरच्या झाडाखाली बाटल्या मांडल्या, मागे डोंगराचा उतार. गोळी पहिल्या बाटलीत शिरली आणि शेवटच्या बाटलीतून निघून मातीत गेली. बाटल्यांना नुसती भोकं, पाणी पिचकारीसारखं उडत होतं. ही गोळी आपल्या इल्झा आत्यासारखी आहे. पुढच्या दारानं येते, मागच्या दारानं जाते, घरात कोण आहे याची दखलच घेत नाही. माझ्या घराच्या भिंती म्हणजे एक फळी आणि त्यावर कागद. चोर माजघरात असला तर गोळी त्याच्यातून जाऊन पलीकडे रेजिनाची पोरं झोपलेली असली तर काय? मला ही नको.

आणि दारू सादळली म्हणता, ते खोटं आहे. मी दोन चपट्या झाडून बघितल्या. दोन्ही उडाल्या, आणि गोल नाकाचीपेक्षा कमी धक्का देऊन उडाल्या. पण झाडल्यावर मन खट्टू झालं. तपासायचं म्हटलं तर संपवायचं, आणि तो काही नव्या करायला येत नाही.

डेल्फिया

•

लेक्सिंग्टन
५ मे

वहिनी,

गोल नाकाचीबद्दल तुमचं बरोबर आहे. आमच्या कचेरीनंही ती त्याच कारणानं बंद केली.

मग पोकळ घ्या. तिच्या नाकाला खड्डा असतो. अंगात शिरली की ओलाव्यानं ती फुलासारखी उमलते आणि तिथंच थांबते, पलीकडे जात नाही. आताचे सगळे पोलीस तीच वापरतात. मात्र तुमच्या हत्याराची नळी बोटाएवढी आहे, त्यामुळे वेग कमी पडतो, आणि जाड कपडे मध्ये आले तर खड्डा कापसानं भरून ती उमलत नाही. म्हणून बाटल्यांच्या पुढे जाड जीन्सच्या कापडाचे चार पदर लटकवा. चोर काही उघडा येत नाही. झाडल्यावर गोळी शोधून बघा, उमलली की नाही.

इथं गेल्या आठवड्यात माशाचं जेवण होतं. बिल्डिंगच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी सगळे एकत्र जेवतात. मासा बरा असतो.

एस्टिल

•

क्विलन फोर्क
१२ मे

भावजी,

जीन्स आणायची कुठून? मी आयुष्यात घातली नाही. घरात जाड निळं कापड म्हणजे ऑर्बिनचे कामाचे डगले, खिळ्याला तसेच टांगलेले. म्हणजे तुम्ही मला सांगितलंत की नवऱ्याच्या कपड्यांवर गोळी झाड. तो जिवंत असताना कैक वेळा मनात आलं होतं, पण तेव्हा तुम्ही असा सल्ला दिला नाहीत.

एक डगला उसवला. खिशात एक वॉशर निघालं आणि मिंटच्या गोळीचा कागद. मी जरा वेळ पायरीवर बसले. मग कात्री घेतली, चार पदर केले, दोरीवर चिमट्यांनी लटकवले आणि झाडली.

हाताला काय धक्का बसला म्हणून सांगू. मनगट अजून दुखतंय, काल मक्याच्या पावाचं पीठसुद्धा डाव्या हातानं ढवळलं. पहिली गोळी बाटलीला लागली, दुसरी आणि तिसरी कुठं गेली ते देवाला माहीत, कारण दुसऱ्या वेळी घोडा ओढायच्या आधीच माझे डोळे मिटत होते. पहिली शोधली. ऑर्बिनच्या डगल्यानं तिचं तोंड गच्च भरलेलं, निळा कापूस ठासलेला, उमलली कुठली. ही पोकळ गोळी आपल्या चुलत जाऊ मर्टलसारखी. येण्याआधी गवगवा फार, आणि आल्यावर तोंडात बोळा.

मग हट्टानं एक चपटी झाडली. कापडातून गेली, तिनं कागद पंच करतात तसं गोल भोक पाडलं, आणि शेवटच्या बाटलीत जाऊन पडली. पलीकडे गेली नाही. धक्का एवढाच, जसं कुणी हाताला टपली मारावी. माझे डोळेही मिटले नाहीत.

तर आता सांगा, काय लिहिताय रेजिनाला? येताना ऑर्बिनचं मोठं रिव्हॉल्व्हर आणा. त्याच्या दफनानंतरच्या जेवणाला मी तुम्हाला दिलं होतं ते. दोन्ही शेजारी ठेवून चक्री कशी फिरते ते मला डोळ्यांनी बघायचंय.

डेल्फिया

•

लेक्सिंग्टन
१६ मे

वहिनी,

मला येणं जमेल असं वाटत नाही. गुडघा.

गोल नाकाची आरपार जाते. पोकळ उमलत नाही आणि तुमच्यानं आवरत नाही. चपटी ठीक आहे, पण ती ऑर्बिनची, आणि ऑर्बिनच्या संपत आल्या. संपल्यावर काय? मी खोटं लिहू शकत नाही. रेजिनाचं म्हणणं मनावर घ्या. ती तुमच्या वाईटावर नाही.

इथं वाटतं तितकं वाईट नाही. माझ्याच मजल्यावर, जिन्याच्या पलीकडची खोली या महिन्यात रिकामी झाली. पूर्वेकडे खिडकी आहे. कोंबड्या ठेवू देत नाहीत, पण खिडकीत कुंड्या चालतात. गुरुवारी कुणीतरी बँजो वाजवतो. खालच्या किराणा दुकानात घेवडा मिळतो, सुकवलेला नाही मिळत. तुम्ही सुकवलात तर मी खाईन.

एस्टिल

•

क्विलन फोर्क
२१ मे

भावजी,

तुमचं पत्र वाचून मी रडले नाही, पण कपाटातली चांगली ताटं वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली. तीन गुंडाळली. मग वर्तमानपत्र संपलं म्हणून गावात गेले, आणि फिशरच्या हार्डवेअरमध्ये खिळ्यांसाठी थांबले. कशासाठी खिळे? जायचं ठरलं तरी खुराड्याची फळी अशीच सोडून कशी जाऊ?

काउंटरवर फिशरची सून होती, केसांत पेन खोचणारी. ती म्हणाली, "काकू, टायर मारणाऱ्या त्या तुम्हीच ना?" मी म्हटलं, हो, तुझी मोटार कुठं उभी आहे सांग. मग बोलता बोलता मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, नवरा चपट्या नाकाच्या करायचा, आता जगात कोण करतं तसल्या? ती वळली, शिडी लावली, आणि वरच्या फळीवरून पुठ्ठ्याचं खोकं काढून माझ्यापुढे उघडलं. ओळीनं चपट्या. नव्याकोऱ्या, कारखान्यातल्या, पितळ चकाकतंय. ती म्हणाली, नेमबाजीच्या क्लबाचे लोक नेहमी नेतात, कधीच्या मिळतात.

मी तिथंच उभी राहिले. भावजी, मी बाई माणूस, मला वाटायचं सुका घेवडा आणि चपट्या गोळ्या घरीच होतात. शेजारच्या बाईला सांगितलं तर ती हसेल. पण तुम्ही? जन्मभर कमरेला हत्यार लावून हिंडलात. गोल नाकाची आठवली, पोकळ आठवली, पोलीस कधी काय वापरायचे तेही आठवलं. दुकानात चपटी मिळते एवढंच तेवढं विसरलात?

मी घरी येऊन तुमची सगळी पत्रं पुढ्यात घेऊन बसले. प्रत्येक गोळीत खोट निघाली, आणि प्रत्येक खोटीनंतर लेक्सिंग्टन थोडं चांगलं होत गेलं. आधी मासा, मग बँजो, मग खिडकी. ती खोली कुणासाठी बघून ठेवलीत?

खरं लिहा. मी रागावले आहे, पण तुमच्यावर किती ते अजून ठरलेलं नाही.

डेल्फिया

•

लेक्सिंग्टन
२५ मे

वहिनी,

तुमच्यासाठी.

दुकानात मिळते हे मला पहिल्या पत्रापासून माहीत होतं. दर वेळी लिहायला बसायचो आणि लिहायचो नाही. खोटं असं काही लिहिलं नाही, एवढंच मनाशी म्हणायचो. बत्तीस वर्षं लोकांचे जबाब घेतले, असं म्हणणारे किती बघितले.

ऑर्बिनचं रिव्हॉल्व्हर माझ्याकडे नाही. गेल्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, माझा हात थरथरताना आमच्या वेंडेलनं बघितला, आणि त्यानं माझी सगळी हत्यारं गाडीत घालून नेली. मुलगा वाईट नाही. सांभाळून ठेवीन म्हणाला. कपाटात त्या जागी आता छत्री आहे. मग तुमचं पत्र आलं, कुठली गोळी चांगली म्हणून. कुणी मला हे विचारून वर्ष होत आलं होतं. एकदा उत्तर दिलं की पत्रं थांबतील असं वाटलं. आणि पुढं वाटलं, तुम्ही इथंच आलात तर पत्रांचीही गरज नाही. जेवताना समोर कुणी असेल, ज्याला ऑर्बिन माहीत आहे. इथं मी त्याच्याबद्दल सांगतो तेव्हा लोक छान म्हणतात आणि मीठ मागतात.

सोबत रेजिनाचं पत्र आहे, उघडंच ठेवलंय. तुम्ही वाचा, मग तिला द्या. त्यात लिहिलंय ते असं: आखूड नळीत आणि तुझ्या आईच्या हातात दुकानातली चपटी सगळ्यांत बरी. धक्का कमी, म्हणून डोळे उघडे राहतात. कापडानं तोंड भरत नाही, कारण भरायला तोंडच नाही. सरळ जाते आणि वेळेत थांबते. जगातली सगळ्यांत भारी गोळीसुद्धा डोळे मिटून झाडली तर पाद्र्याच्या टायरात जाते. मी जन्मभर बघितलं आहे, जी लागते ती चांगली. तुझी आई त्या घरात माझ्यापेक्षा सुरक्षित आहे. सही केली आहे.

एक राहिलं. ऑर्बिनच्या उरल्या असतील त्या हत्यारात ठेवू नका. त्या झाडून टाका. मन होणार नाही, पण झाडून टाका.

एस्टिल

•

क्विलन फोर्क
२ जून

भावजी,

रविवार पार पडला. थडग्यांवर कागदी फुलं लावली, ऑर्बिनच्या दगडावरचं शेवाळ रेजिनानं घासलं. झाडाखाली जेवणं झाली, मर्टलनं थरांचा केक आणला होता, त्याचे थर मोजून दाखवत होती. मी रेजिनाला तुमचं पत्र दिलं. तिनं मोटारीत बसून वाचलं. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "काका इथं का आले नाहीत?" मी म्हटलं, गुडघा. ती म्हणाली, "काकांना दोन्ही गुडघे नवे बसवलेत, आई." आता माझी लेक सगळं ओळखून आहे, तेव्हा तुम्ही दोघांनी आपसात बघा. पण गाडीच्या मागच्या बाजूला तिनं रिकामी खोकी आणली होती, ती तिनं परत नेली. ताटं मी कपाटात लावली.

तुमच्यावर किती रागवायचं ते ठरलं. थोडं. तुम्ही पहिल्या पत्रात सरळ लिहिलं असतंत की, वहिनी, मला एकट्याला जेवण जात नाही, तर मी तिथं येऊन महिनाभर राहिले असते आणि शिव्या देत परत आले असते. ते तुम्हाला सुचलं नाही. शेरीफच्या कचेरीत असली गोष्ट शिकवत नसतील.

ऑर्बिनच्या सगळ्या झाडल्या. सोमवारी, रेजिना होती बरोबर. ती भरायची, मी झाडायची, मग मी भरायची आणि ती. एकही टिक वाजली नाही. शेवटची कुणी झाडली ते आमच्या लक्षातच राहिलं नाही, बोलण्यात निघून गेली. नंतर मी पायरीवर बसणार होते, पण ती पोर दाताळं घेऊन डोंगराच्या उताराशी गेली आणि माती ओढायला लागली. "आई, शिसं कुठं जातंय? इथंच आहे की," म्हणाली. भावजी, माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही दोघींनी चाळणीनं माती चाळली. त्यानं ओतलेलं बरंचसं निघालं. चेंबलेलं, वाकडं, मातीचं, पण शिसं ते शिसं. घेवड्याच्या भांड्यात घालून ठेवलंय. हत्यारात दुकानातल्या राहतील, तुमच्या सहीप्रमाणे. या शिशाच्या ओतू त्या आपल्या नुसत्या बाटल्यांसाठी.

साचा आहे, चूल आहे. ओतता मला येतं, इतकी वर्षं बघितलंय. पण चांगली कुठली आणि वाकडी कुठली, कुठली परत भांड्यात टाकायची, ते मी कधी नीट बघितलं नाही. त्याला नुसतं हो म्हणायची. तुम्हाला ते येतं. त्याला थरथरणारा हात चालतो, डोळे हवेत. वेंडेलनं हत्यारं नेली, टॉवेल आणि चष्मा नेला नसेल.

या शनिवारी रेजिना गाडी घेऊन तुमच्या दारात येईल. नाही म्हणू नका, तिला मी सांगितलंय की काकांना कमी ऐकू येतं, नाही म्हणाले तर ऐकू नकोस. किती दिवस राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. लोक बोलतील, बोलू देत. कोल्डआयर्न पाद्री मोटार आता रस्त्यावर लांब उभी करतात, त्यांना इथलं काही दिसत नाही.

येताना तुमची उशी आणा. ऑर्बिनची मी कुणाला देत नाही.

डेल्फिया